आप्पांची अ‍ॅम्बॅसिडर, मामांची फियाट

भिलाईतल्या त्या घरी जेवायला येणाऱ्या पाहुण्याला ताई दारातच बजावून ठेवत. राजकारण चालेल, भाऊबंदकी चालेल, पण मोटारीचा विषय काढायचा नाही. कारण एकदा का आप्पा आणि मामा 'अ‍ॅम्बॅसिडर भारी की फियाट' यावर घसरले, की पोळ्या निवून जायच्या, वरणावर साय धरायची, तरी निकाल म्हणून लागायचा नाही. आप्पा म्हणजे ताईंचे यजमान आणि मामा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. दोघांच्या मध्ये ताईंची चाळीस वर्षं गेली.

आप्पा मूळचे नागपूरकडचे. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. त्यानंतर तीनेक वर्षांनी, एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन आप्पा इथे उतरले. रशियन तज्ज्ञांच्या हाताखाली काम शिकले, आणि पुढची सगळी नोकरी रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या मिलमध्ये काढली. मामा मुंबईत, कुर्ल्याला. तिथल्याच प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात फियाट बनायची, म्हणून ती गाडी मामांना अगदी घरच्या लेकीसारखी!

गंमत अशी, की दोन्ही गाड्यांची माहेरं एकाच रस्त्याच्या दोन टोकांना. अ‍ॅम्बॅसिडर कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची, फियाट मुंबईची, आणि मुंबई-कोलकाता मार्गाच्या जवळपास मधोमध भिलाई. या रस्त्याला गावातली माणसं आजही जी. ई. रोड म्हणतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा नाशिक, धुळे, अकोला, अमरावती, नागपूर असे मुक्काम करत आपली गाडी घेऊन यायचे. पाय धुण्याआधीच पहिलं वाक्य, "आप्पा, वाटेत तुमच्या तीन अ‍ॅम्बॅसिडर बॉनेट उघडून उभ्या होत्या." आप्पांचं उत्तर तयार, "ड्रायव्हर चहा प्यायला गेले असतील."

अमेरिकेत हेच भांडण फोर्ड आणि शेव्हर्ले यांच्या भक्तांत चालतं. १९६४ साली फोर्डची मस्टँग आली, तिला टक्कर द्यायला शेव्हर्लेने १९६६ मध्ये कॅमेरो काढली. दणकट इंजिनांच्या त्या गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. १९६४ च्याच पाँटियाक जी.टी.ओ.चं इंजिन ३२५ अश्वशक्तीचं होतं. मामांच्या पद्मिनीचं ४० अश्वशक्तीचं, आणि आप्पांचं त्याहून थोडंसं जास्त. पण वाद घालायला अश्वशक्ती लागत नाही, जीव लागतो. तो दोघांकडेही भरपूर होता.

मामांचा पहिला मुद्दा इतिहासाचा. प्रीमियर कंपनी स्थापन केली सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी, १९४४ साली. जहाजं काढणारा, विमानांचा कारखाना उभा करणारा हा माणूस. आधी अमेरिकेच्या क्रायस्लरशी हातमिळवणी करून डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळवल्या, मग इटलीच्या फियाटची गाडी. सुरुवातीच्या गोलमटोल गाडीला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' म्हटलं, पण त्यातही लाडच होता. पुढे फियाटचं नाव जाऊन प्रीमियर पद्मिनी आली, तरी लोकांच्या तोंडी फियाट ती फियाटच!

आप्पाही मागे नसत. "आमची हिंदुस्तान मोटर्स १९४२ ची. दोन वर्षांनी थोरली." मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीच्या साच्यावर १९५७-५८ च्या सुमारास अ‍ॅम्बॅसिडर निघाली. पुढे मार्क टू, मार्क थ्री, मार्क फोर आल्या. पण दुरून पाहिलं तर नाकीडोळी तीच. मंत्र्यांपासून कलेक्टरांपर्यंत सगळे हिच्यातून फिरले. पुढे एकसंध लांब सीट, म्हणजे ड्रायव्हरशेजारी दोघं आरामात, आणि डिकीत अख्ख्या कुटुंबाचं सामान. गिअरचा दांडा दोन्ही गाड्यांत स्टिअरिंगजवळच. मामा म्हणत, "अ‍ॅम्बॅसिडर चालवायची नसते, वळवायची असते, दोन्ही हातांनी." आप्पा म्हणत, "तुमच्या फियाटमध्ये माणूस बसत नाही, घडी करून ठेवावा लागतो."

आप्पांची गाडी १९७४ सालची मार्क टू. १९८३ मध्ये एका ठेकेदाराकडून जुनी घेतलेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मारुती ८०० आली होती, शेजाऱ्यांनी वेड्यात काढलं. पण तेव्हा नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, हे आप्पांनी मामांकडेच पाहिलं होतं. नंबर लागला तेव्हा मामांनी पेढे वाटले होते, मुलगा झाल्यासारखे!

१९९१ च्या मे महिन्यात मात्र सोक्षमोक्ष लावायचाच असं ठरलं. दोन्ही कुटुंबं दोन्ही गाड्यांतून डोंगरगडला, बम्लेश्वरीच्या दर्शनाला निघाली. फियाट हलकी, ती भर्रकन पुढे गेली. राजनांदगाव ओलांडलं, आणि पाहतात तो मामा रस्त्याच्या कडेला, बॉनेट उघडून! त्या उन्हात पेट्रोलची वाफ झाली होती, इंजिन घोटभर पेट्रोल ओढेना. आप्पांनी गाडी थांबवली. त्यांच्या ओठावर आलेलं वाक्य सगळ्यांना दिसत होतं; पण ते काही बोलले नाहीत. डिकीतून पाण्याची कळशी काढली, ताईंचा टॉवेल भिजवला आणि फियाटच्या इंजिनातल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर गुंडाळला. वीस मिनिटांत गाडी सुरू झाली.

देवी बहुधा दोन्ही बाजूंची होती. परतीच्या वाटेवर अ‍ॅम्बॅसिडरचा गिअर अडकला, पुढेही जाईना, मागेही येईना. अंधार पडत आलेला. मामांनी शर्ट काढून ठेवला, बनियनवर बॉनेटमध्ये वाकले आणि गिअरच्या दांड्या हातानेच हलवून मोकळ्या केल्या. घरी पोचेपर्यंत दोघेही तेलाने माखलेले. ताई म्हणाल्या, "दोन्हीपेक्षा बैलगाडी बरी होती." त्या रात्री प्रथमच पोळ्या गरम असताना संपल्या.

मग काळच बदलला. रस्ते नव्या गाड्यांनी भरले. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर पद्मिनी बनणंच थांबलं. २००० च्या नोव्हेंबरात छत्तीसगड वेगळं राज्य झालं. मामांनी काही वर्षं गाडी टिकवली, पण मुंबईत उभी करायला जागा नाही, सुटे भाग मिळेनात. एक दिवस ती गेली. मामांनी फोनवर एवढंच सांगितलं, "दिली." कुणाला, कितीला, हे आप्पांनी विचारलं नाही. मेच्या सुट्टीत मामा रेल्वेने आले. जेवताना मोटारीचा विषय निघाला नाही आणि ताईंना चुकल्यासारखं वाटत राहिलं.

२०१३ मध्ये इंग्लंडच्या 'टॉप गिअर' कार्यक्रमात जगभरच्या टॅक्सींच्या शर्यतीत अ‍ॅम्बॅसिडर पहिली आली, तेव्हा आप्पांनी कात्रण जपून ठेवलं. पण दुसऱ्याच वर्षी, मे २०१४ मध्ये, उत्तरपाड्याचा कारखाना बंद पडला. २०१७ मध्ये अ‍ॅम्बॅसिडर हे नावसुद्धा ८० कोटी रुपयांना फ्रान्सच्या प्यूजो कंपनीला विकलं गेलं. "नावाचेच एवढे, मग माणसाचे किती?" आप्पा म्हणाले.

आता आप्पांची ऐंशी उलटली होती. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. गाडी पोर्चमध्ये, आठवड्यातून एकदा सुरू करायची, पुसायची, बंद करायची. पुण्याहून आलेल्या मुलाने हळूच विषय काढला. भंगारवाल्याला तो भेटून आला होता, त्याने वजनावर भाव सांगितला होता. मुलाचंही चुकत नव्हतं. दरवेळी दुरुस्तीला पैसे, चालवणारं कुणी नाही, आणि आप्पा एकटेच चावी घेऊन बाहेर पडले तर, ही धास्ती वेगळी. आप्पा शांतपणे म्हणाले, "भंगार वितळतं आणि पुन्हा पोलाद होतं, हे मला नको सांगूस. आयुष्यभर तेच पाहिलंय. तुला योग्य वाटेल ते कर." आणि ते उठून आत गेले. रागावले असते तर मुलाला सोपं गेलं असतं.

ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी मामांचा फोन आला. मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. ती संपली. काळ्या-पिवळ्या पद्मिनीचा मुंबईतला संसार आटोपला. मामा म्हणाले, "आप्पा, आता माझी बाजू मांडायला रस्त्यावर काहीच उरलं नाही. तुमची तरी मोडू नका. मी भांडू कुणाशी?"

फोन स्पीकरवर होता. मुलगा बाजूलाच उभा होता.

भंगारवाल्याकडे तो परत गेला नाही. त्याने कागद शोधले, चौकशी केली. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी नियम केले आहेत. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूप न बदललेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये. रोजच्या वापराला अशी गाडी काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. आप्पांच्या गाडीची पन्नाशी २०२४ मध्ये भरली. सुपेल्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने महिनाभर खपून तिला उभी केली. "बाबूजी, ये गाड़ी नहीं, हाथी है," असं म्हणत त्याने मजुरीही थोडी कमी लावली. चावी आता मुलाच्या बायकोकडे असते, ही अट आप्पांनी मान्य केली आहे.

मामा त्या हिवाळ्यात रेल्वेने आले. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली. गाडी देताना मागच्या बाजूची 'पद्मिनी' ही धातूची नाममुद्रा त्यांनी स्क्रूड्रायव्हरने काढून ठेवली होती. इतकी वर्षं कपाटात होती. आप्पांनी ती चष्मा सारखा करून बघितली, सदऱ्याच्या टोकाने पुसली, आणि अ‍ॅम्बॅसिडरच्या डॅशबोर्डवर, गणपतीच्या शेजारी ठेवली.

"बघा, माझ्या गाडीत तुमची अख्खी गाडी मावली!" आप्पा म्हणाले.

"मावली नाही. तुमच्या गाडीला तिच्याशिवाय शोभा नव्हती," मामा म्हणाले.

आतून ताईंनी हाक मारली, पोळ्या निवताहेत म्हणून. त्यांच्या आवाजात राग मात्र मुळीच नव्हता.