दोन रस्त्यांची एक गाडी

जर्मनीच्या पश्चिमेकडील आयफेल डोंगरांत, न्यूर्बुर्गच्या जुन्या गढीभोवती वेटोळे घालून पडलेला एक रस्ता आहे. १९२५ ते १९२७ या काळात तो बांधला गेला, तेव्हा बेकारांच्या हातांना काम देणे हाही त्यामागचा एक हेतू होता. ‘नॉर्डश्लायफं’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या उत्तरेकडील वळशाची लांबी २०.८ किलोमीटर भरते आणि त्याच्या माथ्यापायथ्यात सुमारे ३०० मीटरांचे अंतर आहे. १ ऑगस्ट १९७६ रोजी निकी लाउडा येथे जळत्या गाडीत सापडला आणि मृत्यूच्या उंबरठ्यावरून परतला; त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत या वळशावर पुन्हा झाली नाही. आश्चर्य असे की, ज्याची धास्ती कसलेल्या शर्यतपटूंनी घेतली तोच रस्ता ठरावीक दिवशी शुल्क भरणाऱ्या कोणालाही मोकळा असतो. त्या वेळी कायद्याच्या दृष्टीने तो एकेरी वाहतुकीचा टोलरस्ता असतो. वाहतुकीचे नियम सुटत नाहीत, उजवीकडून कोणाला मागे टाकता येत नाही, घड्याळ लावून फेरी मारता येत नाही. शर्यतीची भूमी आणि सार्वजनिक रस्ता यांचा असा संकर अन्यत्र क्वचितच आढळेल. साहजिकच तेथे येणाऱ्या गाड्याही संकरितच असतात.

कोलोन शहरातून येणाऱ्या एका मध्यमवयीन गृहस्थाची गाडी अशांपैकीच एक. बीएमडब्ल्यूने १९९८ साली आणलेल्या ‘ई ४६’ या थ्री सिरीज मालिकेतली ती सहा सिलिंडरांची सेडान आहे. सोमवार ते शुक्रवार ती कामावर जाते. गुरुवारी तिच्या मागल्या आसनावर बसून त्याची वृद्ध आई मणक्याच्या उपचारांसाठी जाते. आणि महिन्यातून एखाद्या रविवारी तीच गाडी आयफेलच्या वळणांवर जीव तोडून धावते. दीड लाख किलोमीटरांनंतर तिची मूळची स्प्रिंगे आणि धक्काशोषक थकले. बदलणे भागच होते. प्रश्न उरला तो कशाने बदलायचे एवढाच, आणि या एवढ्याशा प्रश्नात त्याचा सबंध उन्हाळा गेला.

येथे शब्दांविषयी थोडे बोलले पाहिजे. ‘सस्पेन्शन’ला मराठीत ‘निलंबन’ म्हणावे तर डोळ्यांसमोर कचेरीतला कारकून उभा राहतो. ‘धक्काशोषक’ हा तर मुळातच चुकलेला शब्द आहे, आणि ती चूक मराठीची नसून इंग्रजीतून जशीच्या तशी उतरलेली आहे. आपल्याकडच्या गॅरेजांतला ‘शॉकअप’ हा वस्तुतः धक्का शोषत नाहीच. धक्का पोटात घेते ती स्प्रिंग. पोटात घेतलेले ती परत करू लागते, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा, आणि हे परत करणे आवरण्याचे काम धक्काशोषकाकडे असते. तंबोऱ्याची छेडलेली तार बोटाने दाबावी तसे. नळीतल्या तेलातून दट्ट्या सरकतो, त्याच्या छिद्रांवरच्या पातळ पोलादी चकत्या तेलाला अडवतात, हालचालीची उष्णता होते आणि ती हवेत जाते. ज्यांना हा भेद उमगत नाही ते स्प्रिंगे बदलतात आणि धक्काशोषक तसेच ठेवतात; मग गाडी खाली बसलेली दिसते खरी, पण प्रत्येक उंचवट्यानंतर डुलत राहते.

या गृहस्थानेही प्रथम जवळ केली ती सर्वांत लोकप्रिय समजूत: गाडी जितकी कडक आणि जितकी खाली, तितकी ती वेगवान. त्याचे मित्र तेच सांगत होते. या समजुतीत सत्याचा अंश नाही असे नाही, परंतु जो आहे तो भलत्याच ठिकाणी आहे. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. हा एकूण भारबदल गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधले अंतर आणि वळणाचा जोर यांनी ठरतो. स्प्रिंगेच्या कडकपणाने तो जवळजवळ बदलत नाही. कडक स्प्रिंगे झुकाव कमी करते, भारबदल नव्हे. टायरची पकड भाराच्या प्रमाणात वाढत नाही, मागे पडते, म्हणून जो भार बदलणारच आहे तो पुढच्या व मागच्या जोडीत कसा वाटायचा, हा खरा प्रश्न. पुढचा आडवा रोधदांडा जाड केला तर पुढच्या जोडीवर भारबदलाचा वाटा वाढतो आणि गाडी वळायला कुरकुरते. मागचा जाड केला तर शेपूट सुटू पाहते. शिवाय या दांड्याने डाव्या-उजव्या चाकांची गाठ बांधली जाते. एका चाकाखाली खड्डा आला की दुसऱ्यालाही त्याची खबर मिळते.

खाली बसवण्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ई ४६ला पुढे मॅक्फरसन पद्धतीची मांडणी आहे. वरचा टेकू हीच धक्काशोषकाची नळी आणि खाली एकच आडवा बाहू. अशी गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली की तो खालचा बाहू बाहेरच्या बाजूने वर उचलला जातो. गुरुत्वमध्य थोडा उतरतो, पण ज्या बिंदूभोवती अंग झुकते असे गणितात मानतात तो झुकावबिंदू त्याहून अधिक उतरतो. दोहोंमधला तरफेचा हात लांबतो, आणि झुकाव कमी व्हावा म्हणून खाली घेतलेली गाडी झुकायलाच अधिक उत्सुक होते. ती लाचारी झाकायला मग आणखी कडक स्प्रिंगे. दुकानांच्या काचेत मांडलेल्या कित्येक संचांचे रहस्य एवढेच असते.

हिशेबाची सवय असलेल्या या माणसाने अखेर कागद घेतला. एका चाकावर पेललेले वस्तुमान ३५० किलो धरले आणि अंगाची स्वाभाविक लय सेकंदाला १.२ आंदोलनांची धरली, तर चाकापाशी मिलिमीटरला २० न्यूटन इतका ताठपणा लागतो. ही घरगुती गाडीची लय. तिला विलंबित म्हणता येईल. पंख नसलेल्या शर्यतीच्या गाडीसाठी २ आंदोलने हवीत, तर तोच आकडा ५५ न्यूटनांवर जातो. लयीच्या वर्गाबरोबर ताठपणा वाढतो, हे त्यातले मर्म. लय पावणेदोन पटीनेही वाढत नाही, पण स्प्रिंगे पावणेतीन पट ताठ करावी लागते, आणि ती आवरणारा धक्काशोषकही त्या मानाने बळकट लागतो.

गुळगुळीत, सपाट धावपट्टीवर हे ५५ न्यूटन शोभले असते. नॉर्डश्लायफं तशी नाही. फुक्सरोअरच्या खोलगटात गाडी उतारावरून तळाशी दाबली जाते आणि लगेच चढावर फेकली जाते. फ्लुगप्लात्झपाशी आणि प्फ्लान्त्सगार्टनमध्ये चाके जमिनीवरून हलकी होतात. कारुसेलच्या काँक्रीटच्या कलत्या कठड्यात फरसबंदीचे सांधे दातांना जाणवतात. अशा ठिकाणी अतिताठ गाडीचे चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी त्यावरून उडते, आणि हवेतल्या टायरला पकड नसते. लोटसच्या कॉलिन चॅपमनने १९६२च्या एलानमध्ये मऊ स्प्रिंगे आणि चोख धक्काशोषण यांची जी जोडी जमवली, तिच्यामागचे शहाणपण हेच होते. ते अजून जुने झालेले नाही, पण दुकानदार ते सांगत नाहीत, कारण मऊपणा छायाचित्रात दिसत नाही.

गृहस्थाने मधला मार्ग धरला: १.६ आंदोलने, म्हणजे ३५ न्यूटनांच्या आसपास. मागची लय पुढच्यापेक्षा किंचित द्रुत, म्हणजे उंचवट्यावरून जाताना मागचे अंग पुढच्याला गाठते आणि गाडी डोके हलवत नाही. ही युक्ती मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने अमेरिकेत १९३०च्या दशकात शोधून मांडली होती. गाडी फक्त २० मिलिमीटर खाली घेतली. आडवे दांडे मूळचेच ठेवले. उरलेला पैसा त्याने धक्काशोषकांवर ओतला. फ्रेंच अभियंता द कार्बाँ यांच्या कल्पनेवर उभा असलेला, आणि एन्नेपेटालच्या बिलस्टाइनने १९५०च्या दशकात मोटारींत रुळवलेला, एकनळी गॅसदाबाचा प्रकार त्याने निवडला. त्यात तेल आणि दाबलेला वायू यांच्यामध्ये तरता दट्ट्या असतो. म्हणून सलग दोन-तीन फेऱ्यांनी तेल तापले तरी त्याला फेस येत नाही, आणि चौथ्या वळणावर एक गाडी व पंधराव्यावर दुसरीच, अशी फसगत होत नाही. पुढची चाके वरच्या बाजूने आत अडीच अंश झुकवावीत असा सल्ला त्याला मिळाला होता; त्याने दीडवर थांबायचे ठरवले, कारण नव्या टायरची आतली कड कामावर जाता-येताच झिजली असती.

जर्मनीत एवढ्यावर भागत नाही. तिथल्या वाहनपरवाना नियमावलीच्या १९व्या कलमानुसार असा बदल केला की गाडीची रस्त्यावर चालण्याची अनुज्ञाच संपुष्टात येऊ शकते. सुट्या भागासोबतचे तज्ज्ञप्रमाणपत्र दाखवून तपासनिसाकडून शिक्का घ्यावा लागतो. तपासनिसाने गाडी वर उचलली, चाके मोकळी लोंबत असताना स्प्रिंगे जागच्या जागी घट्ट राहते का हे हाताने हलवून पाहिले, टायर कोठे घासतो का पाहिले, पुढच्या दिव्यांचा कोन पुन्हा लावायला सांगितला आणि कागदावर नोंद केली. आपल्याकडे अशा तपासणीला जाच म्हणण्याचा मोह होईल. पण आपल्या मागून येणाऱ्या गाडीची स्प्रिंगे जागेवर आहे की नाही, याची खात्री दुसऱ्या कोणी करून ठेवलेली असते, हे ज्याला उतारावर आठवते त्याला तो जाच वाटत नाही.

पुढच्या गुरुवारी आई बसली. डांबरी रस्त्यावर तिला काही वेगळे जाणवले नाही. जुने धक्काशोषक इतके गळून गेले होते की नवे ताठ असूनही गाडी पूर्वीपेक्षा लवकर स्थिरावत होती. दवाखान्याच्या गल्लीतल्या दगडी फरसबंदीवर मात्र तिने दाराचा दांडा धरला आणि तो गल्ली संपेपर्यंत सोडला नाही. मुलाने ते आरशात पाहिले. घरी आल्यावर त्याने परतीच्या हालचालीवरचा रोध फिरकीचे दोन टप्पे सैल केला, आणि मग फुक्सरोअरमध्ये गाडी किंचित अधिक उसळी घेऊ लागली. ती त्याने तशीच ठेवली.

मागच्या चौकटीच्या रबरी बसण्यांचा निर्णय तेवढा राहिला आहे. रबराऐवजी कडक पॉलियुरेथेन घातले तर मागचे चाक वळणात अधिक नेमके राहील. पण या मालिकेत त्याच ठिकाणी मागच्या तळाचा पत्रा चिरल्याची उदाहरणे आहेत, आणि रबर जे कंप गिळते ते पत्र्याकडे जाईल, तसेच मागल्या आसनाकडेही. हिवाळ्यात वळसा लोकांसाठी बंद असतो. तेवढ्या महिन्यांत तो आधी पत्रा उघडून पाहणार आहे.