वॉटरबॅगमधला समुद्र

न्हाणीघरात बसून जुनी वाळू धूत होते. वरवर धुतली तोवर काही नाही. तळापर्यंत हात घातला आणि वास उसळला. आधी सडक्या अंड्याचा, मग त्याच्या मागून शेवाळाचा, गंजाचा, ओल्या कातळाचा. बाहेरून नवऱ्याने विचारलं, "मोरी तुंबलीय का गं?" मला उत्तर सुचेना. मी तेव्हा गिरगाव चौपाटीवर होते, इयत्ता तिसरीत, आणि माझे वडील, अप्पा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्या वॉटरबॅगमध्ये समुद्र भरत होते.

वाळू सेकंडहँड, खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकीही सेकंडहँड. देवळालीतल्या एका निवृत्त काकांची. त्यांचं मुलीकडे पुण्याला कायमचं जायचं ठरलं आणि तिथल्या फ्लॅटमध्ये चार फुटी टाकीला जागा नव्हती. स्टँड, स्किमर, दोन पंप, निळा-पांढरा दिवा, अर्धी उरलेली मिठाची बादली, सगळं एकरकमी दिलं. पैसे मोजण्याआधी मी विचारलं, "काका, यात कधी तांब्याचं औषध टाकलंय का?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. तोवर मी त्यांच्या लेखी शोभेची वस्तू शोधत आलेली बाई होते. माशांच्या आजारावर तांब्याचं औषध देतात. मासे वाचतात, पण तांबं वाळूत आणि सांध्यांच्या सिलिकॉनमध्ये मुरून राहतं, आणि पुढे त्याच टाकीत आणलेली कोळंबी, गोगलगाय मरते. जुनी टाकी घेताना काचेवरचे चरे नंतर पाहावेत, हे आधी विचारावं. काका म्हणाले, "कधीच नाही. आजारी मासा वेगळ्या डब्यात ठेवायचो." मग स्वतःहून दोनशे रुपये कमी केले.

त्यांच्या शोकेसमध्ये प्रवाळाच्या दोन पांढऱ्या फांद्या होत्या. "ह्याही न्या, टाकीत छान दिसतील." मी नको म्हटलं. २००१ साली प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले, म्हणजे वाघाच्या पंगतीत. काकांच्या फांद्या त्याआधीच्या असतील, कुणी प्रेमाने दिलेल्याही असतील. पण त्या माझ्या हॉलमध्ये नकोत. मी सिरॅमिकचे सच्छिद्र दगड आणले. दिसायला अगदीच रुक्ष आहेत, हे मान्य.

अप्पा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. नोटा छापणाऱ्या माणसाला पैशाचं अप्रूप नसतं म्हणतात. अप्पांना होतं, म्हणून मुंबईची सहल एकदाच झाली. पंचवटी एक्स्प्रेसने गेलो, थेट तारापोरवाला मत्स्यालयात. ते १९५१ सालचं. आठ लाखांच्या खर्चातले दोन लाख तारापोरवाला नावाच्या पारशी दानशुराने दिलेले. हे मी नंतर वाचलं. तेव्हा दिसला तो अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना उजेडाच्या चौकटी आणि एक थोराड, जाड ओठांचा मासा. बाकीचे मासे फिरत होते, हा थांबला होता. अप्पांनी काचेला हात लावला तर पहारेकरी ओरडला. अप्पा इतके खजील झाले की पुढचा अर्धा तास त्यांनी हात पाठीमागे बांधूनच ठेवले. २०१५ मध्ये मत्स्यालय नवं करून उघडलं, काचेसारखा ॲक्रिलिकचा बोगदा केला, तेव्हा मी पुन्हा गेले होते. बोगद्यात सगळे माशांकडे पाठ करून फोटो काढत होते. २०२० मध्ये कोविडात तेही बंद झालं.

चौपाटीवर अप्पांनी वॉटरबॅग विसळली आणि खारं पाणी भरलं. का, ते सांगितलं नाही. मी ती मांडीवर धरून कसारा घाट चढले. घरी आल्यावर आईने झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "हे आता कुठे ओतायचं?" मोरीत ओतायला ती तयार नव्हती. समुद्र म्हणजे तीर्थ, तीर्थ मोरीत जात नाही. तुळशीला घालायचं तर तुळस जळेल, एवढं तिला कळत होतं. शेवटी एकादशीला ती मला घेऊन रामकुंडावर गेली, वॉटरबॅग उलटी केली आणि म्हणाली, "गोदामाई पोचवेल त्याचं त्याला."

भूगोलाच्या पुस्तकाने घोटाळा केला. गोदावरी उगवते त्र्यंबकला, ब्रह्मगिरीवर. तिथून अरबी समुद्र ऐंशीएक किलोमीटरवर. पण ही बाई त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालत राजमहेंद्रीच्या खाली बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे आईने मुंबईचा समुद्र आंध्रात पाठवला होता. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. "पाणी पाण्याला मिळतं," एवढंच म्हणाली. अप्पा आयुष्यभर मुंबईच्या समुद्राच्या गोष्टी सांगत राहिले, आणि त्यांच्या अस्थीही रामकुंडातूनच पूर्वेला गेल्या.

समुद्राचं आणि नाशिकचं नातं तसं जुनंच बिनसलेलं. ज्या अगस्त्यांनी समुद्र पिऊन टाकला, त्यांनीच रामाला पंचवटीत राहायला सांगितलं. त्यांना ठाऊक असावं, इथे समुद्राचा त्रास नाही.

माझी टाकी चार फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे काठोकाठ अडीचशे लिटर. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे या टाकीला नऊ किलोंच्या आसपास मीठ लागतं. ते जेवणातलं मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट सगळं प्रमाणात हवं. नळाला येणारं गंगापूर धरणाचं पाणी क्लोरिनसकट चालत नाही, म्हणून आरओचं पाणी बादल्यांनी साठवायचं, त्यात मीठ ढवळायचं, रात्रभर पंप फिरवायचा, मग रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकून उजेडाकडे पाहायचं. १.०२५ ची रेघ आली की समुद्र झाला. टाकी, पाणी, स्टँड, दगड मिळून वजन तीनशे किलोंच्या वर जातं. खालच्या मजल्यावरच्या वहिनी तेव्हापासून माझ्याशी जरा जपून बोलतात.

इथे मला लंडनची ॲना थिन आठवते. विषय सोडून आहे, पण आठवते. १८४६ च्या सुमारास टॉर्कीच्या किनाऱ्यावरून तिने प्रवाळाचे जिवंत तुकडे आणले आणि वेस्टमिन्स्टर ॲबीच्या आवारातल्या घरात जगवले. पंप नव्हते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून तिची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची. पहिलं टिकाऊ सागरी मत्स्यालय ॲनाच्या नावावर आहे. मोलकरणीचं नाव कुठे सापडत नाही. माझ्याकडे बॅटरीवरचा हवेचा पंप आहे; वीज गेली की तो घरघरतो आणि मला दर वेळी त्या बाईचे खांदे दुखत असतील असं वाटतं. पुढे १८५४ मध्ये फिलिप गॉस यांचं मत्स्यालयावरचं पुस्तक आलं, घरोघरी समुद्र ठेवायचं खूळ पसरलं, आणि हौशी लोकांनी डेव्हनच्या किनाऱ्यावरची कातळातली डबकी खरवडून रिकामी केली. गॉस यांच्या मुलानेच १९०७ मध्ये आठवणी लिहिताना त्याची हळहळ व्यक्त केली. काकांच्या फांद्या मी का नाकारल्या, याचं हेही एक कारण.

पाणी भरलं, दगड रचले, दिवा लावला. आता मासे? नाही. टाकीत माशांआधी जिवाणू वस्तीला यावे लागतात. काहीतरी कुजतं, त्यातून अमोनिया होतो, एक जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिले दोन मारक, तिसरं बेताने असलं तर सोसतं. ही साखळी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि ती सुरू करायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे टाकीत एक कोळंबी कुजत ठेवणं.

आमच्या घरात मासळी शिजत नाही. मासळी बाजारात मी पहिल्यांदाच गेले, तेही नाक पदरात धरून. "मावशी, एक कोळंबी द्या."

"एक किलो?"

"नाही, एक."

मावशींनी कोयता खाली ठेवला. "ताई, एका कोळंबीचं काय करशील?"

"कुजत ठेवणार आहे."

त्यांनी पैसे घेतले नाहीत. माझी कीव आली असावी.

मग रोज संध्याकाळी परीक्षानळ्या. अमोनियाचं पिवळं पाणी हिरवं होतं, नायट्राइटचं निळं जांभळं होतं. पाहुणे यायचे, रिकाम्या उजळलेल्या टाकीसमोर उभे राहायचे, थोडा वेळ शोधायचे आणि विचारायचे, "मासे लपलेत का?" मला ते रिकामं पाणी आवडू लागलं होतं. काहीही नसलेल्या काचेत एवढी उलथापालथ चालू आहे आणि ती फक्त नळीतल्या रंगावरून कळते, याची मला भुरळ पडली. मासे हे निमित्त, सांभाळायचं ते पाणी. हे एकदा पटलं की सेकंडहँड काय आणि नवं काय, फार फरक उरत नाही.

एका पाहुण्याने मात्र टाकी ईशान्येला नाही म्हणून खेद व्यक्त केला. आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवा, काळा मेला की समजायचं घरावरचं संकट त्याने घेतलं. या वास्तुवाल्या मंडळींवर माझा फार जुना राग आहे. मासा मेला तर पाण्यात अमोनिया असतो. संकट आपण त्याच्यावर ढकललेलं असतं, त्याने घेतलेलं नसतं. दवाखान्याच्या टेबलांवरच्या त्या गोल बरण्या, वितभर पाण्यात गोल गोल फिरणारा एकटा गोल्डफिश, तेही याच खात्यात. मी तोंडावर काही बोलले नाही. चहा मात्र दुसऱ्यांदा विचारला नाही.

नाशिकचा एप्रिल आता चाळीशी गाठतो. मी आणणार होते त्या माशांना २४ ते २६ अंश लागतात, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी. चिलर परवडला नाही, म्हणून पाण्यावर पंखा लावला. पंख्याने पाणी गार होतं आणि उडूनही जातं. इथल्या कोरड्या हवेत पातळी दिवसागणिक उतरते. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. पातळी कळावी म्हणून काचेवर चिकटपट्टीची खूण केली. नवऱ्याने तिचं नाव ठेवलं दुतोंड्या मारुती. गोदाघाटावर पूर त्या नावाच्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागला की छातीला, हे विचारण्यात आम्हा नाशिककरांचा जन्म गेला. २००८ च्या सप्टेंबरात तर भांडी बाजारात, सराफ बाजारात पाणी होतं. आता घरात उलटी गंमत: मारुतीच्या पायाखाली पाणी गेलं की कुणीतरी ओरडतं, "पूर ओसरला!"

शेवटी मासे आले ते दोन, नारिंगी-पांढरे क्लाउनफिश, हॅचरीत जन्मलेले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, आपल्याकडे त्यांची पैदास करायचं तंत्र बसवलं. समुद्रातून पकडून आणलेला मासा घ्यायची आता गरज नाही. दुकानदाराला तेवढं विचारावं आणि तो चाचरला तर दुकान बदलावं.

टाकीतलं नायट्रेट वाढलं की काचेवर शेवाळ धरतं. त्यासाठी दर पंधरवड्याला थोडं पाणी बदलते. जुनं पाणी काढलेली बादली हातात घेऊन उभी राहिले की आईचाच प्रश्न पडतो: हे आता कुठे ओतायचं? झाडांना चालत नाही. मी ते मोरीत ओतते, आई असती तर रागावली असती. पण रामकुंडावर न्यायची सोय राहिलेली नाही. टाकीत जे नायट्रेट शेवाळ पोसतं, तेच सांडपाण्यातून नदीत गेलं की पाणवेली पोसतं. दर वर्षी गोदावरीवर ती हिरवी चादर पसरते, यंत्रं लावून काढतात, पुन्हा येते. अडीचशे लिटरसाठी माझ्याकडे चार परीक्षानळ्या आहेत. नदीपाशी उभी राहिले की पहिला विचार हाच येतो, हिचं पाणी नळीत कुठला रंग दाखवेल? एकदा नळी पर्समध्ये घालून नेलीही होती. काढली नाही.

आईने नदीला पोचवायला दिलं होतं पाणी. आता लोक मासे देतात. घर बदललं, कंटाळा आला, मासा मोठा झाला, की पिशवी घेऊन घाटावर जायचं आणि पुण्य केल्यासारखं सोडून यायचं. खाऱ्या पाण्यातला मासा गोड्या पाण्यात सोडला तर तडफडून मरतो. गोड्या पाण्यातला सकर सोडला तर जगतो, आणि ते जास्त वाईट. दक्षिण अमेरिकेतला हा मासा काचेवरचं शेवाळ खातो म्हणून दुकानात बोटभर विकतात. नदीत तो हातभर होतो, काठ पोखरतो, काटेरी परांनी जाळी फाडतो. उजनीच्या जलाशयात मासेमारांच्या जाळ्यात आता हाच येतो, आणि त्याला गिऱ्हाईक नाही.

म्हणून वाचणाऱ्यांना एवढीच विनंती: टाकी मोडायची झाली तर काच विका, पंप कुणाला तरी द्या, मासे दुकानदाराला परत करा. गोदावरीत, गंगापूर धरणात, गावातल्या विहिरीत एकही सोडू नका. नाशिकमध्ये कुणीच घेईना तर मला कळवा. गोड्या पाण्याची एक जुनी टाकी माझ्याकडे रिकामी आहे.