चित्रकलेचा जमाखर्च

‘चित्रं काढून पोट भरतं का?’ हा प्रश्न आपल्या महाविद्यालयातील प्रत्येकाने एकदा तरी ऐकला असेल. लग्नाच्या पंगतीत, एस. टी.च्या थांब्यावर, पाहुण्यांच्या ओसरीवर, कुठेही तो आपली वाट पाहत बसलेला असतो. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. त्याला खरोखरच काळजी वाटत असते. पूर्वी मी या प्रश्नाला थोरामोठ्या चित्रकारांची नावे सांगून उत्तर देत असे. यंदा मात्र पदव्युत्तर शिक्षणाचे अर्ज भरताना माझ्या ध्यानात आले की, त्याच्या आधीचा एक प्रश्न कोणी विचारतच नाही. चित्रे काढून पोट भरेल की नाही ते पुढे पाहू. पण चित्रे काढायला शिकत असताना ते पोट कोण भरतो?

हा प्रश्न फार जुना आहे. आमच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 पासून पुढे कित्येक वर्षे तेथे उत्खनन केले आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. तिथली खापरे मी पाहिली आहेत. लाल मातीच्या भांड्यांवर काळ्या रंगाच्या रेघा, जाळ्या, तिरके चौकोन. आणि हात कसा न थरथरता फिरलेला! त्या वस्तीत एका मोठ्या घराशेजारी धान्याचे कोठार सापडले आणि कारागिरांची घरे एका बाजूला सापडली. ते वाचल्यापासून माझ्या मनात एक चित्र घोळते आहे. पेरणीच्या दिवसांत सारे गाव रानात असताना कोणी तरी सावलीत बसून ओल्या मडक्यावर रेघ ओढत होता, आणि त्याच्या वाट्याचे दाणे कोणी तरी पिकवत होते. ते कोणी आणि का दिले असतील? मडके नक्षीवाचूनही पाणी धरतेच की!

आपल्या वर्गात पुढच्या शिक्षणाचा विषय निघाला की तीन नावे हमखास येतात : मुंबईचे जे. जे., बडोदे आणि शांतिनिकेतन. ही नावे आपण देवस्थानांसारखी उच्चारतो. पण त्यांचाही जमाखर्च आहेच. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी 1853 साली एक लाख रुपये देऊ केले, म्हणून 1857 साली मुंबईत ती शाळा उभी राहिली. शांतिनिकेतनचे कलाभवन 1919 साली रवींद्रनाथांनी सुरू केले. बडोद्याची ललित कला शाखा 1950 मध्ये विद्यापीठाच्या आधाराने निघाली, आणि त्या विद्यापीठालाही नाव आहे ते महाराजा सयाजीरावांचे. आपण तिथे जाऊन जो ‘स्वतंत्र’ फटकारा मारणार, त्याच्याखाली कोणाच्या तरी पैशाचे अस्तर आधीच लावलेले आहे.

व्यक्तींचेही तसेच. शिल्पकार विनायकराव करमरकर हे अलिबागजवळच्या सासवण्याचे. गावातील देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांच्या मदतीने हा खेड्यातला मुलगा जे. जे.मध्ये पोहोचला. पुण्यात शिवाजीनगरला 1928 साली उभा राहिलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा याच करमरकरांचा. दादासाहेब फाळके जे. जे.मध्ये आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. पण चित्रपटाचे तंत्र पाहायला 1912 साली विलायतेला जायचे ठरले तेव्हा त्यांना आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवाव्या लागल्या.

परंतु कलेक्टरसाहेब काही प्रत्येकाच्या गावी येत नाहीत. म्हणून मला जवळचे वाटते ते आमच्या शेजारच्या दौंड तालुक्यातले उदाहरण. केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाई 1883 साली शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या त्या लहानग्या मुलीला बरोबर घेऊन. आणि त्या प्रवासाच्या खर्चाला हातभार लागला तो त्यांनी 1882 मध्ये लिहिलेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीचा. शिकण्यासाठी पैसा हवा, तर आपल्याला जे येते ते आधी विकावे, हा मार्ग त्यांनी दाखवला. विषय चित्रकलेचा नसला तरी धडा आपलाच आहे.

मला जे येते ते मी गेली तीन वर्षे विकते आहे. फ्लेक्स आल्यापासून दुकानांच्या पाट्या रंगवण्याचे काम फारसे उरले नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळांना ‘बोलक्या भिंती’ लागतात. बाराखडी, पाढे, ऋतुचक्र, पाण्याची वाफ होऊन पाऊस कसा पडतो त्याची आकृती, हे सारे मी चौरस फुटाच्या दराने रंगवले आहे. शनिवारी पुण्याहून गाडी धरून दौंडला मामांकडे जायचे आणि रविवारी एलिमेंटरी व इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांची शिकवणी घ्यायची, हा दुसरा उद्योग. शिरूरला रेल्वे नाही. त्यामुळे आमच्या भागातल्या माणसाला लांबचे जग गाठायचे तर न्हावऱ्यावरून दौंडच गाठावे लागते. मुंबईकडे, सोलापूरकडे, मनमाडकडे, बारामतीकडे जाणारे रूळ जिथे एकत्र येतात त्या गावात बसून मी मुलांना स्थिरचित्र शिकवते, याची मला नेहमी गंमत वाटते.

अर्ज भरणे हे काम वाटते तितके सोपे नाही. निवडक कामांचा संच हवा, त्यांची नीट उजेडात काढलेली छायाचित्रे हवीत, आणि पदव्युत्तर शिक्षण का घ्यायचे हे पानभर लिहून हवे. त्याशिवाय प्रवेश परीक्षा, मुलाखत, प्रत्येक ठिकाणची अर्जाची फी आणि जाण्यायेण्याचे भाडे. माझ्या संचात घोडच्या कोरड्या पात्राची चार चित्रे आहेत, दौंडच्या फलाटाची पाच, गुऱ्हाळाची तीन, निघोजला कुकडीच्या पात्रात पाण्याने कोरलेल्या रांजणखळग्यांची काही रेखाटने, आणि इनामगावच्या खापरांवरून सुचलेली एक मालिका. ती घेऊन मुलाखतीला जायचे कसे हा प्रश्न दादांनी सोडवला. शेताच्या पाइपलाइनचा उरलेला तुकडा त्यांनी कापून दिला, दोन्ही टोकांना झाकणे बसवली आणि त्यात माझे कॅनव्हास गुंडाळून घातले. दुकानातल्या महागड्या नळीपेक्षा ती काकणभर सरसच निघाली.

पैशाचा प्रश्न मात्र असा झाकण लावून मिटणारा नव्हता. आमची जमीन दोन एकर. त्यात आडसाली उसाचे पीक, म्हणजे दीड वर्षाने एकदा हातात येणारे बिल. त्या बिलावर विहिरीचे काम, मागची उसनवारी आणि धाकट्या बहिणीचे नर्सिंगचे शिक्षण अशी तीन नावे आधीच लिहिलेली. दादा म्हणाले, “अर्धा एकर काढू. शिक्षणापेक्षा का जमीन मोठी हाय?” मी गप्प राहिले, कारण ‘हो’ म्हणायचा मोह मला झाला होता. आई मात्र गप्प बसली नाही. ती गावातल्या महिला बचत गटाची सचिव आहे. तिने गटाची जुनी वही काढली, मागचे कोरे पान उघडले आणि म्हणाली, “जमिनीचं मागनं बघू. आधी सांग, लागत्यात किती?”

त्या रात्री आम्ही दोघींनी हिशेब मांडला. वसतिगृह मिळाले असे धरून राहणे, खानावळ, रंग-कॅनव्हास, प्रवास आणि किरकोळ मिळून महिना 9,000 रुपये. दोन वर्षांतले वीस महिने धरले तर 1,80,000. फी आणि अनामत मिळून 50,000. शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनाच्या चौकटी, वाहतूक वगैरे 20,000. एकूण अडीच लाख. मला वाटले, संपले. पण आईने विचारले, “आन् ती शिरूरच्या छपाईवाल्याची नोकरी? पंधरा हजार देणार होता ना? चोवीस महिन्यांचं किती झालं?” तीन लाख साठ हजार. “हे पण खर्चातच धर,” ती म्हणाली. फी, रंग, खानावळ या सर्वांहून मोठा आकडा तो निघाला : आपण जे कमावणार नाही त्याचा. कॉलेजच्या कुठल्याही माहितीपत्रकात ही ओळ मी पाहिलेली नाही. गरिबाच्या घरी मात्र तीच पहिली ओळ असते.

मग जमेची बाजू. माझी शिल्लक 40,000. दोन उन्हाळ्यांतल्या भिंती आणि गणपतीच्या दिवसांतली रंगकामे धरून आणखी 40,000. उसाच्या बिलातून 50,000, तेही बहिणीची फी भरून झाल्यावर. उरले 1,20,000.

इथे शिष्यवृत्त्यांचा भाग येतो. राज्य शासनाच्या योजनांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते तयार ठेवावे लागते. परराज्यात शिकायला गेलो तर नियम बदलतात, तेव्हा प्रत्येक योजनेचे पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची 18 ते 25 वयाच्या तरुण कलावंतांसाठी एक शिष्यवृत्ती आहे. महिना 5,000 रुपये, दोन वर्षे. तिचाही अर्ज मी करणार आहे. पण आईचा नियम असा की, न आलेला पैसा वहीत शाईने लिहायचा नाही. म्हणून शिष्यवृत्तीची ओळ आमच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली आहे.

उरलेले कर्ज. शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असले म्हणजे पुरते; आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होते, मात्र व्याज आधीपासूनच चढत असते. हे पाठ करून मी एका बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी विचारले, “पेंटिंगनंतर प्लेसमेंट काय?” मी पिशवीतून शाळांच्या भिंतींची छायाचित्रे, मिळालेल्या रकमेच्या पावत्या आणि शिकवणीची वही काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती पाने उलटली, एक-दोनदा थांबून पाहिली, आणि प्रवेशाचे पत्र घेऊन या, म्हणाले. हा होकार नव्हे, हे मला कळते; पण संचातल्या चित्रांपेक्षा त्या पावत्यांनी मला तिथे खुर्ची मिळवून दिली, हेही कळते.

दौंडच्या मामांनी रेल्वेत पॉइंट्समन म्हणून उभी हयात घालवली. घरात कोणी तरी म्हणाले की, हातची नोकरी सोडून पोरगी मागे चालली आहे. तेव्हा मामा हसले. पूर्वी मुंबई-पुण्याकडून मनमाडला जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. आता कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्यांचा तो खोळंबा वाचला आहे. मामा म्हणाले, “नवख्या माणसाला वाटायचं, गाडी पुण्यालाच परत निघाली. आम्ही खिडकीशी जाऊन सांगायचो, बसा, गाडी बरोबर चालली आहे.” मला हे ऐकून धीर आला. पण धीरापेक्षा मोलाचे ते मामांनी पुढे सांगितले : इंजिन बदलायलाही माणसे लागतात, आणि ती माणसे त्या गाडीने कुठेच जात नाहीत.

माझ्या शिक्षणाच्या हिशेबात अशी पुष्कळ माणसे आहेत. बहिणीने आपल्या फीचा आकडा स्वतःहून आधी सांगितला, मला नंतर मोकळेपणाने मागता यावे म्हणून. विहिरीचे काम दादांनी एक पावसाळा पुढे ढकलले. आईने कर्ज माझ्याच नावावर घ्यायला लावले; म्हणाली, “अर्धा एकर इकून शिकलीस तर जे काढशील त्यात तुला तो अर्धा एकरच दिसंल.” जमीन विकायची नाही, असे ठरले. वसतिगृह मिळाले तर यंदा जायचे. न मिळाले तर वर्षभर छपाईवाल्याकडे काम करून पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा. चित्रे तोवर जुनी होत नाहीत.

मित्रमैत्रिणींनो, आपण आपल्या कामांबद्दल पुष्कळ बोलतो. पोत, अवकाश, अमूर्तता यांवर रात्र रात्र वाद घालतो. पैशाबद्दल मात्र बोलायला लाजतो, जणू काही तो बोलल्याने कला बाटते. त्यामुळे खालच्या वर्गातल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांना हे आकडे कोणीच सांगत नाही, आणि त्यांतली कित्येक न विचारताच घरी परततात. म्हणून मी माझे पान इथे उघडे केले आहे. त्यात चुकत असेल तिथे दुरुस्त करा, आणि ज्यांनी आधी हा मार्ग धरला आहे त्यांनी आपलीही पाने पुढच्या अंकात द्यावीत.

अर्ज गेले आहेत. उत्तरे यायची आहेत. वहीतली पेन्सिलीची ओळ अजून तशीच आहे. आणि येत्या रविवारी दौंडला मुलांची घनचित्रे तपासायची आहेत.