खडेबाजारातील माडीवरचा केतू

बेळगावच्या खडेबाजारात आमचे जुने घर आहे. खाली बाजाराची वर्दळ. वर माडीवर वडिलांची खोली. त्यांच्या पश्चात तेथे माझा एक लिनक्स संगणक असतो. वडिलांच्या रोजनिशींच्या पानांची छायाचित्रे त्यात साठविली आहेत. मी पुण्यास राहतो आणि रात्री तेथूनच ती पाने क्रमाने लावीत असतो.

गेल्या पावसाळ्यात मॉनिटर बिघडला. आत्याने तो अडगळीत ठेवला. संगणक चालू आहे, मग आपले काय अडते, असे मला वाटले. पण एकदा वीज जाऊन आली आणि संगणक पुन्हा सुरू झाला, तो पुण्यात माझ्यापुढे नुसता काळा चौकोन! लेखी आज्ञा धाडली की उत्तर येई, फायलींची नावे दिसत. वडिलांचे अक्षर मात्र दिसेना. आणि ती पाने तर डोळ्यांनी पाहूनच लावावयाची होती.

पडदा नसलेल्या अशा यंत्रास इंग्रजीत 'शिर नसलेले' म्हणतात. आपल्या पुराणांत शिर तो राहू आणि धड तो केतू. माझ्या माडीवर केतूच बसला होता. बळ शाबूत, पण मुख नाही!

शोध घेता उलगडा झाला. पडदा जोडलेला नसेल, तर पुष्कळदा संगणक चित्र रेखाटीतच नाही. मी मात्र त्या नसलेल्या चित्राची नक्कल मागत बसलो होतो. यावर उपाय व्हीएनसीचा. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधनशाळेत १९९० च्या दशकात ही युक्ती निघाली. तिचा सर्व्हर स्मृतीतच एक काल्पनिक पडदा उभारतो आणि त्यावर जेवढा भाग बदलेल तेवढाच दूर धाडतो. मात्र तिच्या जुन्या पद्धतीत परवलीच्या शब्दाची पहिली आठच अक्षरे जमेस धरतात, आणि चित्रही उघड्यावरून जाते. म्हणून ५९०१ क्रमांकाचे ते दार मी घरच्यापुरतेच ठेविले आणि एसएसएचच्या कुलूपबंद भुयारातून तेथवर पोहोचलो. हे एसएसएच फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी १९९५ साली रचले.

आत्यास फोन केला, "आत्या, अण्णांचं अक्षर दिसलं!"

"पडदा तर अडगळीत आहे की रे! मग दिसतंय कुठं?"

तिला काय सांगावे? पडदा हा केवळ पाहणाऱ्याच्या सोयीचा. तो पाहणाऱ्यापाशी असला म्हणजे पुरे.

आता मी पुण्यात खिडकी मिटतो, तरी तिकडचे मेज मांडलेलेच राहते. दुसऱ्या रात्री तेच पान पुढे येते. वीज गेली तर मात्र हे मेज विरून जाते. डिस्कवर जतन केलेले तेवढे उरते. वडीलही रोजनिशी उघडी टाकून खाली जेवावयास येत, आणि त्यांचे मेज आवरण्याची कोणास मुभा नसे. ते पुन्हा वर जाऊन त्याच ओळीपासून लिहू लागत.