वीतभर ओरखडा

एके दिवशीं सकाळीं आमच्या मोटारीच्या डाव्या दारावर वीतभर लांबीचा ओरखडा दिसला, आणि तीस वर्षें अध्यापन करून मिळविलेली आमची सारी समवृत्ति एका क्षणांत कोठें गेली तें कळलें नाहीं. मोटार सात वर्षांची, रंगानें रुपेरी, आणि सारे हप्ते फिटून नुकतीच खऱ्या अर्थानें आमची झालेली. तिच्या शेजारींच सोसायटीच्या रखवालदाराच्या मुलाची सायकल भिंतीला टेकून उभी होती. आम्ही महाविद्यालयांत तर्कशास्त्र शिकवितों. दोन वस्तु शेजारीं आढळल्या म्हणून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं, हें आम्ही दरवर्षीं पहिल्याच सत्रांत विद्यार्थ्यांच्या गळीं उतरवितों. परंतु मोटार आपली आणि सायकल दुसऱ्याची असली म्हणजे हा नियम लागू पडत नसावा. आम्हीं त्या मुलाला हांक मारली आणि चारचौघांदेखत बोलूं नये तें त्याला बोललों. बारा-तेरा वर्षांचा तो पोरगा कांहीं बोलला नाहीं. त्यानें सायकल उचलली आणि लांब पाण्याच्या टाकीपलीकडे नेऊन ठेवली.

पुढच्या सुटीच्या दिवशीं आम्ही नाना पेठ गांठली. मोटारीचे सुटे भाग हवे असले कीं पुणेकराची पावलें तिकडेच वळतात. “रुपेरी रंगाची लहान बाटली द्या,” असें म्हणतांच दुकानदार हंसला. रुपेरी हा शब्द कवींच्या उपयोगाचा. दुकानांत रंगाचा क्रमांक लागतो, आणि तो मोटारीवरच एका लहानशा पट्टीवर छापलेला असतो, हें ज्ञान आम्हांस सात वर्षांनीं झालें. क्रमांक पाहून त्यानें आमच्या पुढ्यांत एक बाटली ठेवली. झांकणांतच कुंचला, आंत १५ मिलिलिटर रंग, किंमत ५४० रुपये. आमच्या लहानपणीं शाईची दौत याहून मोठी असे. आम्हीं मनांतल्या मनांत हिशेब केला: लिटरला ३६,००० रुपये! या भावानें घर रंगवावयाचें तर आधीं घरच विकावें लागेल.

पण बाटली हातीं घेऊन विचार करूं लागलों तेव्हां हा भाव तितकासा अन्यायाचा वाटेना. मोटारीचा रंग म्हणजे एकच लेप नव्हे. कारखान्यांत पोलादी सांगाडा प्रथम हौदांत बुडवून विजेच्या साह्यानें त्यावर गंजरोधक लेप बसवितात. त्यावर अस्तर, त्यावर रंग, आणि सर्वांवर पारदर्शक लाखेसारखा शेवटचा थर. हे चारही थर मिळून जाडी भरते सुमारें एकदशांश मिलिमीटर, म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेच्या एका कागदाएवढी. नख फिरवून तें अडलें नाहीं तर वरचा थर तेवढा दुखावला आहे, घासून-पुसून काम भागतें. नख अडलें आणि खालचें पोलाद दिसूं लागलें, तर मात्र पावसाळ्यापूर्वीं तें झांकलेंच पाहिजे. नाहीं तर गंज आंतल्या आंत पसरत जातो. आमचें नख अडलें होतें.

खरी अडचण याच्यापुढची. रुपेरी रंगांत अॅल्युमिनियमचे अतिसूक्ष्म पापुद्रे असतात. फवाऱ्यानें ते एका रीतीनें बसतात, कुंचल्यानें दुसऱ्या. म्हणून रंग तोच असूनहि डाग काळवंडलेला दिसतो. त्यांत सात वर्षांचें ऊन मोटारीनें खाल्लेलें, बाटलीनें नाहीं. हेन्री फोर्डच्या कारखान्यांतून १९१४ ते १९२५ या काळांत ‘टी’ जातीच्या मोटारी काळ्या रंगाच्याच निघत. त्यांच्या मालकांस ही विवंचना नव्हती. पुढें १९२४ सालच्या ओकलंड मोटारींवर ड्यू पाँ कंपनीचा ‘ड्यूको’ हा लवकर वाळणारा फवाऱ्याचा रंग चढला. हवा तो रंग लोकांस मिळूं लागला, आणि रंगास रंग जुळविण्याची पीडाहि त्याबरोबर पाठीं लागली. त्या नांवाचा दरारा असा कीं, आमच्याकडचा रंगारी अजूनहि फवाऱ्याच्या कामाला ‘ड्यूको’च म्हणतो.

याच रंगाऱ्याकडे आम्ही बाटली खिशांत घालून सल्ल्यासाठीं गेलों. तो म्हणाला, “सर, दिसूं नये असं काम हवं असेल तर पूर्ण दार मारावं लागेल. साडेचार हजार.” वीतभर ओरखड्यासाठीं सारें दार कां? तर मध्येंच रंग थांबविला म्हणजे सांधा उघडा पडतो. तो लपवावयाचा तर दाराच्या कडेपर्यंत जावें लागतें. विम्याचा विचारहि मनांत येऊन गेला. पण आमच्यासारख्या लहान मोटारीस पहिले १,००० रुपये पदरचेच; शिवाय पांच वर्षें दावा न केल्यानें हप्त्याच्या एका भागांत जी ५० टक्के सूट मिळते, ती हातची जावयाची. गंज थांबविण्यास ५४० रुपये, आणि कांहीं घडलेंच नाहीं असें दाखविण्यास ४,५०० रुपये, असा हा एकंदर हिशेब होता.

बोलतां बोलतां रंगाऱ्यानें चिंधी थिनरमध्यें भिजवून ओरखड्यावरून फिरविली आणि ती आमच्यापुढें धरली. चिंधीवर हिरवा रंग होता. “हा कुठला, सर? ओरखडा पुढून मागं सरळ गेलाय. गाडी चालती असतांनाच लागलंय हें.” सायकल काळी होती. हिरवें होतें तें सोसायटीचें फाटक. मग आम्हांस ती पावसाची रात्र आठवली. कांचेवर पाणी, डोक्यांत परीक्षेचे गुण, आणि कोठें तरी झालेला एक खरखर आवाज, जो आम्हीं पावसाच्या नांवावर घातला होता.

पूर्ण दार रंगविण्याचा विचार आम्हीं तेथेंच सोडला. घरीं येऊन प्रथम अस्तराचा, मग रुपेरी, आणि शेवटीं पारदर्शक असे तीन हात आमच्याच थरथरत्या हातांनीं दिले. पोलाद झांकलें; डाग काळसर अळीसारखा दिसतो तो दिसतोच.

संध्याकाळीं त्या मुलाला गांठलें आणि सांगितलें, “बाळ, तो ओरखडा तुझ्या सायकलीचा नव्हता. माझ्याच हातून फाटकाला गाडी घासली होती. मी चुकलों.”

“माहीत होतं, सर,” तो म्हणाला. “त्या रात्रीं फाटक मीच उघडलं होतं.”

“मग त्या दिवशीं बोलला कां नाहींस?”

“तुम्ही विचारलंच नाहीं.”

त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. आम्हीं त्याला सायकल पूर्वींच्या जागीं ठेवावयास सांगितलें. त्यानें मान डोलावली. या गोष्टीस आतां दोन महिने झाले. बाटलींत अर्ध्याहून अधिक रंग शिल्लक आहे. सायकल अजून टाकीपलीकडेच उभी असते.