भूखंडावरील पावसाचे पाणी : पर्यायांची पारख

पुण्याच्या पश्चिम भागात, टेकडीचा उतार आणि ओढा यांच्यामधल्या एक हेक्टरच्या भूखंडावर कार्यालयांची इमारत उभारण्याचे ठरले, तेव्हा निचऱ्याचा अभ्यास सोपवलेल्या अभियंत्याने आरंभ केला तो ‘रॅशनल पद्धती’च्या हिशेबाने. पावसाची तीव्रता, क्षेत्रफळ आणि अपवाह गुणांक, म्हणजे पडलेल्या पाण्यापैकी न मुरता वाहून जाणारा वाटा, यांचा हा गुणाकार असतो. ताशी ५० मिलिमीटर पाऊस धरल्यास मोकळ्या जमिनीवरून ०.३ या गुणांकाने तासाला १५० घनमीटर पाणी वाहते, आणि स्लॅब व फरसबंदी झाल्यावर गुणांक ०.९ होऊन तेच ४५० घनमीटरांवर जाते. मधले ३०० घनमीटर ही बांधकामाचीच देणगी असून, सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याचा पूर पाहिलेल्या शहरात तरी ती ओढ्याच्या माथी मारणे समर्थनीय नव्हते.

मालकपक्षाचा कल शोषखड्ड्यांकडे होता, कारण ते स्वस्त पडतात आणि मंजुरीच्या नकाशात शोभूनही दिसतात. परंतु ओढ्याकडच्या कोपऱ्यातील चाचणीखड्ड्यात काळी माती लागली; फावड्याच्या पात्याची चकचकीत खूण तिच्यावर उमटत होती, आणि भिजल्यावर फुगून स्वतःच्याच भेगा बुजवणाऱ्या त्या मातीत ओतलेले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही जवळपास तेवढेच होते. वरच्या अंगाला मात्र मुरूम, म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला खडक, लागला आणि तेथे खड्ड्यात उभ्या केलेल्या पट्टीवर पाणी डोळ्यांदेखत उतरत गेले. आराखड्यात नेमके उलटे होते: शोषखड्डे काळ्या मातीत आणि तळघर मुरमात. तळघराच्या भिंतीलगत पाणी मुरवणे म्हणजे गळतीला आमंत्रण असल्याने, शोषखड्डे वरच्या सीमेजवळ, भिंतीपासून दूर, मोजकेच ठेवावे लागले. सच्छिद्र पेव्हर ब्लॉक गाळाने लवकर तुंबतात, म्हणून ते पाहुण्यांच्या पार्किंगपुरते उरले.

राहिली ती भूमिगत साठवण टाकी, म्हणजे मोठ्या सरीचे पाणी अडवून अरुंद तोंडातून सावकाश सोडणारी टाकी. ती पाऊस येण्यापूर्वी रिकामी असावी लागते, तर बागेसाठी व फ्लशसाठी पाणी हवे असलेल्या मालकाला ती भरलेली हवी असते. मंजुरीच्या कागदांवर एकच टाकी दोन्ही कामांना दाखवण्याची प्रथा पाहता, हा विरोध कोणाला खटकत नसावा. येथे मधोमध भिंत घालून दोन स्वतंत्र कप्पे करण्यात आले.

खरी अडचण मात्र पाणी बाहेर सोडण्याच्या पातळीची होती. ओढ्यावरील पुलाला अडकलेल्या काटक्या व प्लॅस्टिक यांची रेघ, म्हणजे मागील पुराची खूण, सर्वांत सखल कोपऱ्यात योजलेल्या टाकीच्या तळापेक्षा बरीच वर भरली. त्यामुळे पूर आला असता टाकी रिकामी होणे दूरच, ओढाच नळावाटे तिच्यात शिरला असता. उलटे पाणी रोखणारी झडप आणि जनरेटरवर चालणारा पंप हा एक उपाय होता, परंतु वर्षभर पडून राहणारा पंप ऐनवेळी चालेल, या भरवशावर तळघर सोडणे धोक्याचे वाटले. अखेर टाकी वरच्या प्रवेशमार्गाखाली, पूररेषेच्या वर तळ राखून घेण्यात आली, जेणेकरून छताचे पाणी नळांनी तिच्यात उतरावे आणि केवळ उताराने बाहेर पडावे. त्यासाठी काही मोटारींची जागा सोडावी लागली, आणि बैठकीत सर्वाधिक वेळ गेला तो याच मुद्द्यावर.