डावा डोळा

२०२४ सालच्या मार्च महिन्यांतील एका रविवारीं, तिन्हीसांजेच्या सुमारास, आमच्या बिबवेवाडीच्या घरीं आंधळी कोशिंबीर चालली होती. राज्य माझ्या भाचीवर होतें. खेळतां खेळतां तिच्या डोळ्यांवरील रुमाल तिरपा झाला. उजवा डोळा झांकलेला राहिला व डावा सताड उघडा पडला. "लबाडी! लबाडी!" म्हणून सर्वांनीं एकच गिल्ला केला. पोर मात्र तशीच चांचपडत माझ्यापुढें येऊन उभी राहिली व मान वर करून विचारूं लागली, "मामा आहेस कीं बाबा?" काय सोंग करते पहा, असें म्हणून आम्ही पोट धरून हंसलों. मीही हंसलों. फळ्यावरचें दिसत नाहीं म्हणून पुढच्या बाकावर सरकणारीं मुलें ज्यानें वीस वर्षें पाहिलीं, त्या शिक्षकास आपल्या घरचें मूल काय सांगत आहे हें उमगलें नाहीं.

रात्रीं अंथरुणावर पडल्यावर तें हंसूं मला बोचूं लागलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं तिचा एकेक डोळा तळहातानें झांकून भिंतीवरील दिनदर्शिका वाचावयास सांगितली. उजव्या डोळ्यानें तिनें तारखा घडाघड वाचल्या. डाव्यानें म्हणाली, "तेथें कांहींतरी लाल लाल आहे."

येथें घरची परिस्थिति सांगितली पाहिजे. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, परिचारिका असून जानेवारींतच इंग्लंडांत लीड्स शहरीं नोकरीवर रुजू झाली होती. मेव्हणे व भाची ऑगस्टमध्यें तिकडे जावयाचीं होतीं. तोंपर्यंत तीं आमच्याकडे राहत होतीं. बहिणीस फोनवर कळवितांच ती म्हणाली, "दादा, पांच महिन्यांचा तर प्रश्न. येथें आल्यावर मी नीट दाखवीन. जातां जातां पोरीच्या डोळ्यांत औषधें नकोत." मला तें पटलें, किंवा खरें सांगावयाचें तर पटवून घेणें सोयीचें वाटलें. पासपोर्ट, व्हिसा, क्षयाच्या तपासणीचा दाखला, यांच्या धांवपळींत डोळा मागें पडला. असे तीन आठवडे गेले.

परदेशीं जाणाऱ्या मुलाचे डोळे एके काळीं बंदरावरच पाहिले जात. विसाव्या शतकाच्या आरंभीं न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या प्रत्येकाची पापणी वैद्य उलटून पाहत, कधीं तर बुटाचीं बटणें लावण्याच्या आंकड्यानें. खुपऱ्या आढळल्या कीं परत पाठवीत. आपल्या देशांतून खुपऱ्या हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून नाहींसा झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें त्याच २०२४ सालीं जाहीर केलें. तो जाच गेला हें उत्तमच झालें. परंतु इंग्लंडच्या व्हिसासाठीं भाचीच्या फुफ्फुसांची चौकशी झाली, डोळ्यांविषयीं मात्र कोणीं अवाक्षरही काढलें नाहीं. आणि कोणी विचारीत नाहीं म्हणजे तें महत्त्वाचें नसावें, अशी आपली समजूत होऊन बसते.

शेवटीं मीं तिला एका चष्म्याच्या दुकानांत नेलें. यंत्रापुढें हनुवटी टेकवून अर्ध्या मिनिटांत निकाल लागला : उजवा निर्दोष, डाव्यास अधिक दीड. चष्मा झाला, पण तो लावूनही डाव्या डोळ्यास तारखा दिसेनात. तेव्हां मात्र रिक्षा केली आणि गंगाधाम चौकावरून, कोंढव्याच्या चढानें, महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयांत गेलों. तेथील डॉक्टरबाईंनीं त्या चष्म्याकडे पाहून एवढेंच विचारलें, "डोळ्यांत औषध घालून मोजला होता का?"

लहान मुलाच्या डोळ्यांतील भिंग फार लवचिक असतें. तें स्वतःस ताण देऊन दोष झांकून टाकतें, व यंत्रही त्यास फसतें. म्हणून अॅट्रोपिनचें मलम तीन दिवस घालून तो ताण सैल करावा लागतो आणि मग माप घेतात. त्या तीन दिवसांचें वर्णन काय करावें! बाहुल्या काळ्याभोर व मोठ्या झालेल्या, उन्हांत डोळे उघडवत नाहींत, जवळचें चित्र दिसत नाहीं म्हणून रडणें. आणि माझी आई मला ऐकूं येईल अशा बेतानें देव्हाऱ्याजवळ नव्हे, स्वयंपाकघरांत पुटपुटे कीं चांगल्या डोळ्यांत हें काय घालून ठेवलें. तीच आई रोज तिला काजळ घालीत असे. काजळ-सुरम्यांत शिसें असूं शकतें म्हणून डॉक्टरबाईंनीं तें बंद करावयास सांगितलें, तेव्हां तिनें चांदीची डबी मुकाट्यानें कपाटांत ठेविली.

खरें माप निघालें तें असें : उजवा अधिक सव्वा, डावा अधिक पावणेपांच. नव्या चष्म्यानिशीं डाव्या डोळ्यानें ती सहा-चोवीसची ओळ वाचूं शकली. अक्षरें येत नसल्यानें तिच्यापुढें इंग्रजी ई चा तक्ता धरला होता, व ती बोटांनीं दाखवीत सांगे, "तोंड वर, तोंड खालीं." (अमेरिकेंत हीच ओळ फुटांच्या हिशेबानें वीस-ऐंशी अशी लिहितात, तिकडे जाणाऱ्यांनीं घाबरूं नये.) डोळा आंतून निरोगी होता. दोष असा कीं, दोन डोळ्यांच्या मापांत मोठें अंतर पडल्यामुळें मेंदूस एक चित्र स्वच्छ व दुसरें अंधुक मिळे. तेव्हां त्यानें अंधुक चित्राकडे लक्ष देणेंच सोडून दिलें होतें. यास लोक आळशी डोळा म्हणतात. त्या डोळ्यावर हा अन्यायच आहे. काम नाकारलें तें मेंदूनें.

हें लहानपणीं सुधारतें. सातव्या वर्षापर्यंत चांगलें, पुढें कमी कमी. सात ते बारा वर्षांच्या मुलांतही कांहींस गुण येतो, परंतु भरंवसा धरवत नाहीं. भाची तेव्हां पावणेसहा वर्षांची होती. मलमाचा परिणाम ओसरावयास दोन आठवडे, मग पुन्हां तपासणी, मग चष्मा, मग नुसत्या चष्म्यानें किती सुधारतें हें पाहण्यास तीन-चार महिने, आणि त्यानंतर चांगल्या डोळ्यावर पट्टी. विमान सुटण्याच्या आधींच्या आठवड्यांत उरकावयाचें हें काम नव्हे, हें मला बोटांवर महिने मोजतांना कळलें, आणि ते तीन आठवडे फार महाग वाटूं लागले.

बहिणीस सर्व लिहून कळविलें. दुसरे दिवशीं तिचा फोन आला. ती स्वतः रोग्यांची सेवा करणारी. पण बराच वेळ बोललीच नाहीं. नंतर म्हणाली, "मीं थांब म्हटलें होतें ना, दादा." मीं म्हटलें, "मीही थांबलोंच होतों."

जुलैच्या आरंभीं डावा डोळा सहा-अठरावर आला व पट्टी सुरू झाली, रोज दोन तास. पूर्वीं दिवसदिवस पट्टी बांधीत; परंतु मध्यम प्रतीच्या दोषांत दोन तासांनीं सहा तासांइतकाच गुण येतो, असें २००३ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगांत दिसून आलें. दोन तास तरी कसे काढावे? पहिल्या दिवशीं तिनें तीन वेळां पट्टी ओढून काढली. तेव्हां माझ्या आईनें परातींत मूग आणि मटकी एकत्र ओतलीं व म्हणाली, "माझे डोळे गेले बाई, मला निवडून दे." पोर निवडीत बसली. मग मोगऱ्याच्या कळ्या ओंवणें, मग राजगिऱ्यांतले खडे. आमच्या घरीं त्या महिन्यांत उसळी फार झाल्या.

निघण्यापूर्वीं रुग्णालयानें एक कागद करून दिला. प्रत्येक तपासणीची तारीख, दोन्ही डोळ्यांचीं मापें, तीं औषध घालून घेतलीं हा उल्लेख, चष्म्यानिशीं वाचलेली ओळ, चष्मा व पट्टी केव्हांपासून. मोनोयर नांवाच्या फ्रेंच नेत्रवैद्यानें १८७२ सालीं सुचविलेलें डायॉप्टर हें माप जगभर एकच असल्यामुळें भाषांतराची गरज नव्हती. तो कागद व दुसरा चष्मा मीं मेव्हण्यांच्या पेटींतून काढून हातपिशवींत घातला. पेट्या हरवतात.

लीड्समध्यें काय झालें तें बहिणीकडून कळलें. इंग्लंडांत सोळा वर्षांखालील मुलांची दृष्टितपासणी विनामूल्य असते व चष्म्यासाठीं सरकारी साह्यपत्र मिळतें. तेथें जाणाऱ्या कुटुंबांस आरोग्यसेवेचा अधिभार भरावा लागतो, त्या वर्षीं तो मुलामागें वर्षास ७७६ पौंड होता; आरोग्यसेवेंत नोकरी करणाऱ्यांस व त्यांच्या मुलांस तो माफ असे. परंतु एक गोष्ट मला पूर्वीं ठाऊक नव्हती. तेथें मुलांचे डोळे चौथ्या-पांचव्या वर्षीं, शाळेच्या पहिल्या वर्गांत पाहण्याची पद्धति आहे. सहाव्या वर्षीं परदेशाहून येऊन वरच्या वर्गांत बसणाऱ्या मुलाची ती वेळ टळलेली असते. इकडे आपल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत २०१३ पासून अंगणवाड्या आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची दृष्टि पाहतात; भाची मात्र खाजगी बालवर्गांत जात होती. दोन्ही देशांच्या चाळण्या नीट होत्या, आणि ती दोहोंच्या मधून गळली असती.

रस्त्यावरील चष्म्याच्या दुकानांतील तपासनिसानें तिला रुग्णालयाकडे पाठविलें. तारीख मिळण्यास कांहीं आठवडे गेले. तोंवर पट्टी घरींच चालू होती. तेथील बाईंनीं महंमदवाडीचा कागद दोनदां वाचला, आपलीं मापें घेऊन त्याच्याशीं ताडून पाहिलीं व म्हणाल्या कीं चष्म्याचे महिने पुन्हां मोजावयास नकोत, पट्टी आहे तशीच चालूं द्या. बहीण सांगते, त्या दिवशीं बाहेरच्या बाकावर बसून ती रडली.

शाळेंत भाषा येत नाहीं, त्यांत डोळ्यावर पट्टी. म्हणून ते दोन तास तिनें संध्याकाळीं घरींच ठेविले. मूग-मटकी तेथील दुकानांतही मिळतात. २०२५ च्या मे महिन्यांत डाव्या डोळ्यानें सहा-नऊची ओळ वाचली, तेव्हां पट्टी एकदम न सोडतां हळूहळू कमी करण्यास सांगितलें, कारण सोडल्यावर दृष्टि कधीं कधीं पुन्हां मागें जाते. तपासण्या अद्याप चालू आहेत.

मागच्या आठवड्यांत तिचा फोन आला, तो आजीस. आतां तिला पट्टी नसते. तरी तिनें विचारलें, "आजी, तुझे डोळे आतां कसे आहेत? तुला निवडून कोण देतें?" आईनें फोन माझ्या हातीं दिला व पदर डोळ्यांस लावला. मीं सांगितलें, "मी देतों."